कन्सोल घ्यावा की संगणक? कोल्हापुरातल्या घरासाठी निर्णयाची पद्धत

दिवाळीच्या बोनसच्या सुमारास किंवा बारावीचा निकाल लागल्यावर कोल्हापुरातल्या बऱ्याच घरांत गेमिंगसाठी काय घ्यायचे हा विषय निघतो आणि त्यावर घरातल्या मोठ्यांचा पहिला सवाल ठरलेला असतो : ‘गेम दोन्हीवर चालत्यात न्हवं, मग टीव्हीला जोडायचा डबा वेगळा कशाला?’ सवाल रास्त आहे. पन्नास-साठ हजारांची वस्तू पाच-सहा वर्षे तरी कामी यावी अशी अपेक्षा असते. त्यामुळे आज कोणती वस्तू चांगली दिसते एवढे पाहून भागत नाही, तर कन्सोल हा प्रकारच संगणकापुढे तग धरणार आहे का, हेही खरेदीआधी तपासावे लागते.

माझे मत आधीच सांगतो. कन्सोलची संगणकाशी असलेली स्पर्धा आता ताकदीवर चाललेली नाही. ती दोन सोयींवर टिकून आहे : हॉलमधल्या टीव्हीसमोर दोघा-चौघांनी बसून एकत्र खेळता येणे, आणि विकत घेतलेली सीडी खेळून झाल्यावर पुन्हा विकता येणे. ज्या घरात या दोन्ही सोयी वापरल्या जाणार आहेत तिथे कन्सोल आजही संगणकाला भारी पडतो. ज्या घरात यांपैकी एकही वापरली जाणार नाही तिथे तो घेऊ नये. आपले घर यांपैकी कोणत्या बाजूला आहे हे ठरवण्याची पद्धत पुढे मांडली आहे.

स्पर्धा नेमकी कुठे येऊन पोहोचली आहे

नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायचे, कॅसेट घालून खेळायचे गेम घरोघरी आले तेव्हा त्यांचा आणि संगणकाचा काही संबंध नव्हता. हे अंतर पुढे कमी होत गेले. २००१ साली आलेल्या मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्स कन्सोलमध्ये इंटेलचा पेंटियम ३ जातीचा प्रोसेसर, एनव्हिडियाची ग्राफिक्स चिप आणि हार्ड डिस्क होती, म्हणजे तो जवळपास संगणकच होता. सोनीने २००६ साली प्लेस्टेशन ३ मध्ये ‘सेल’ हा अगदी वेगळ्या घडणीचा प्रोसेसर वापरून आपला रस्ता निराळा ठेवला. पण २०१३ साली प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या दोघांनीही एएमडीचे, संगणकाच्याच कुळातले प्रोसेसर स्वीकारले आणि तो रस्ताही संपला. २०२० साली आलेल्या प्लेस्टेशन ५ मध्ये एएमडीचा आठ कोअरचा झेन २ प्रोसेसर, त्याच कंपनीचे ग्राफिक्स आणि १६ जीबी मेमरी आहे. आतून पाहिले तर तो मध्यम ताकदीचा संगणकच आहे.

मग तो त्याच ताकदीच्या संगणकापेक्षा स्वस्त कसा मिळतो? कारण कंपनीला पैसा डब्यावर मिळवायचा नसतो. कन्सोल अगदी कमी नफ्यात, काही वेळा सुरुवातीला तोटा सोसूनही विकला जातो आणि भरपाई त्यावर विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गेममधल्या वाट्यातून होते. हा वाटा साधारणपणे ३० टक्क्यांच्या आसपास असतो. त्याशिवाय ऑनलाइन खेळण्याची वर्गणी असतेच. संगणकाचे सुटे भाग विकणाऱ्याला अशी मागून येणारी मिळकत नसल्यामुळे तो आपला नफा भागाच्या किमतीतच घेतो. दुसरा फायदा गेम तयार करणाऱ्यांच्या बाजूचा आहे. प्लेस्टेशन ५ कोणाच्याही घरी असला तरी आतले यंत्र तेच, म्हणून गेम त्या एका यंत्रासाठी नीट बसवता येतो. संगणकावर मात्र हजारो जोडण्या सांभाळाव्या लागतात, आणि नवा गेम पहिल्यांदा चालवताना चित्र अडखळते ते बरेचदा यामुळेच.

कन्सोलची तिसरी तटबंदी होती ती फक्त त्याच्यावरच मिळणाऱ्या गेमची, आणि ती मोठ्या प्रमाणात ढासळली आहे. मायक्रोसॉफ्टने २०१६ पासून आपले गेम एक्सबॉक्स आणि विंडोज अशा दोन्हीकडे द्यायला सुरुवात केली. सोनीने ‘होरायझन झीरो डॉन’ ऑगस्ट २०२० मध्ये, ‘गॉड ऑफ वॉर’ जानेवारी २०२२ मध्ये आणि ‘घोस्ट ऑफ त्सुशिमा’ मे २०२४ मध्ये संगणकावर आणला. ‘हेलडायव्हर्स २’ तर फेब्रुवारी २०२४ मध्ये प्लेस्टेशन आणि संगणक यांवर एकाच दिवशी आला. उरला तो मुख्यतः आधी मिळण्याचा मान. ‘जीटीए ५’ कन्सोलवर सप्टेंबर २०१३ मध्ये आला आणि संगणकावर एप्रिल २०१५ मध्ये. ‘रेड डेड रिडेम्प्शन २’ला हेच अंतर सुमारे एक वर्षाचे होते. ‘जीटीए ६’चीही घोषणा झाली ती प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज यांच्यासाठीच. मित्रमंडळी पहिल्या आठवड्यात खेळणार आणि आपण वर्षभर थांबणार, हे ज्याला चालत नाही त्याच्यासाठी कन्सोलचे हे एक खरे कारण आहे.

किमतीच्या बाबतीत मात्र या पिढीत जुनी रीत उलटी झाली. प्लेस्टेशन २ अमेरिकेत २००० साली २९९ डॉलरला आला आणि २००९ पर्यंत ९९ डॉलरवर उतरला. कन्सोल जुना होत जाईल तसा स्वस्त होतो, म्हणून थांबण्यात फायदा असतो, हा धडा पूर्वीच्या गिऱ्हाइकांनी त्यावरून घेतला होता. प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये ४९,९९० रुपयांना आला आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये त्याची किंमत ५४,९९० रुपये झाली. २०२५ मध्ये अमेरिकेतही सोनी आणि मायक्रोसॉफ्ट या दोघांनी आपापल्या जुन्या कन्सोलच्या किमती वाढवल्या. प्लेस्टेशन ५ प्रो तर नोव्हेंबर २०२४ मध्ये जगभर आला तेव्हा भारतात आलाच नाही, कारण त्यातल्या वाय-फाय ७ साठी लागणाऱ्या ६ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याला इथे परवानगी नव्हती. पण म्हणून संगणक स्वस्त झाला असेही नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या डेटा सेंटरनी मेमरी चिपची मागणी इतकी वाढवली की २०२५ च्या अखेरीस रॅमच्या किमती झपाट्याने चढल्या आणि असेंबल्ड (सुटे भाग जोडून बनवलेल्या) पीसीचा हिशोब पुन्हा बिघडला.

खरा धोका माझ्या मते दुसरीकडून येतो आहे, तो म्हणजे संगणकच कन्सोलच्या जागेवर येऊन बसू लागला आहे. वाल्व्ह कंपनीने २०२२ साली हातात धरून खेळायचा स्टीम डेक आणला, आसूसचा आरओजी अ‍ॅली २०२३ पासून भारतातही विकला जातो, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये वाल्व्हने टीव्हीखाली ठेवायच्या स्टीम मशीनची घोषणा केली. बटण दाबले की थेट गेमची यादी समोर येणारा संगणक रास्त किमतीत मिळू लागला तर ‘कन्सोल वापरायला सोपा’ हे आजवरचे उत्तर लंगडे पडेल.

पहिला प्रश्न : घरात संगणक तसाही लागणार आहे का?

हा प्रश्न सर्वांत आधी सोडवावा, कारण त्याच्यावर बाकीचा अर्धा हिशोब फिरतो. मुलगा किंवा मुलगी इंजिनिअरिंगला किंवा डिप्लोमाला असेल, पुढे उद्यमनगर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत डिझाइनचे काम करण्याचा विचार असेल, तर कॅडसाठी (संगणकावर भागांची रेखाचित्रे काढण्यासाठी) बऱ्यापैकी संगणक घ्यावाच लागणार आहे आणि त्यात ग्राफिक्स कार्ड (पडद्यावरचे चित्र तयार करणारा वेगळा भाग) असणे कामालाही उपयोगाचे आहे. लग्नाचे व्हिडिओ एडिट करणाऱ्यांचेही तसेच. अशा घरात गेमिंगचा खर्च म्हणजे पूर्ण पीसीची किंमत नव्हे. साध्या संगणकाची किंमत वजा करून जो वरचा फरक उरतो तेवढाच. हा फरक तीस-चाळीस हजारांत बसत असेल, तर कन्सोल या हिशोबात टिकत नाही. उलट घरात फक्त टॅली, ऑनलाइन फॉर्म आणि शाळेचे प्रकल्प एवढेच काम असेल, तर त्यासाठी साधा लॅपटॉप पुरतो आणि ग्राफिक्स कार्डाचा सगळा भार गेमिंगवरच पडतो.

घरात आधीच एखादा डेस्कटॉप असेल आणि ‘फक्त कार्ड टाकून घेऊ’ असा विचार असेल, तर दुकानात जाण्याआधी कॅबिनेटची बाजूची पत्र्याची झडप उघडावी. आत एसएमपीएसवर, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चिकटवलेले लेबल वाचावे. ऑफिसच्या कामासाठी बनवलेल्या ब्रँडेड डेस्कटॉपमध्ये बरेचदा १८० ते २४० वॉटचाच एसएमपीएस असतो आणि त्यातून ग्राफिक्स कार्डाला वीज देणारी सहा किंवा आठ पिनांची वायर निघालेलीच नसते. त्याची जोडणीही कंपनीची स्वतःची असल्यामुळे बाजारातला दुसरा एसएमपीएस सरळ बसत नाही. कॅबिनेट अरुंद असेल तर पूर्ण उंचीचे कार्ड आत मावत नाही. नंतर मदरबोर्डचा पांढरा किंवा काळा लांबट स्लॉट मोकळा आहे का आणि त्याच्यापासून पुढच्या पंख्यापर्यंत किती जागा आहे हे पट्टीने मोजावे. मग प्रोसेसरची पिढी पाहावी. विंडोज १० चा आधार (कंपनीकडून मिळणारे नेहमीचे अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते; ‘व्हॅलोरंट’सारखा गेम विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय सुरूच होत नाही. यांतल्या दोन गोष्टी जरी जुळत नसल्या तर जुन्या यंत्रावर खर्च करू नये.

वसतिगृहात किंवा खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्याला डेस्कटॉप हलवणे जमत नाही, म्हणून तो गेमिंग लॅपटॉप घेतो. तिथे कार्डाच्या नावावर जाऊ नये, वॉट विचारावेत. आरटीएक्स ४०५० ही एकच ग्राफिक्स चिप लॅपटॉपची कंपनी आपल्या सोयीने ३५ ते ११५ वॉट यांदरम्यान कितीही विजेवर चालवू शकते, आणि कमी वॉटची चिप त्याच नावाने, त्याच्याच आसपासच्या किमतीत, बरीच हळू चालते. हा आकडा खोक्यावर ठळक छापलेला नसतो. तो कंपनीच्या तपशीलपत्रात शोधावा लागतो.

दुसरा प्रश्न : कोण, कुठे आणि काय खेळणार?

कोल्हापूर फुटबॉलचे गाव आहे. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि दिलबहार तालीम यांचा सामना असला की पेठा रिकाम्या होतात, आणि तोच जोश संध्याकाळी टीव्हीसमोर उतरतो. २०२३ पासून फुटबॉलच्या त्या गेमचे नाव ‘ईए स्पोर्ट्स एफसी’ झाले असले तरी इथली मुले त्याला अजून ‘फिफा’च म्हणतात. हा गेम संगणकावरही चालतो. पण चार मित्र घरी आले, दोघे दोघांच्या विरुद्ध बसले आणि हरलेल्या जोडीने उठायचे ठरले, तर त्यासाठी हॉलमधला टीव्ही, सोफा आणि हातातले कंट्रोलर हीच मांडणी लागते. संगणक टेबलावर एकट्या माणसासाठी मांडलेला असतो. तो टीव्हीला जोडता येतो, प्लेस्टेशनचे किंवा एक्सबॉक्सचे कंट्रोलरही त्याला चालतात, तरीही खेळायला बसल्यावर विंडोजचा अपडेट सुरू होणे किंवा आवाज टीव्हीऐवजी दुसरीकडेच जाणे हे प्रकार सांभाळणारे माणूस घरात असावे लागते. आजी-आजोबांच्या घरी सुट्टीला आलेल्या नातवंडांना कन्सोल एका बटणावर सुरू करता येतो. अशा एकत्र खेळणाऱ्या घरासाठी मी बेधडक कन्सोल सुचवतो. फक्त जादा कंट्रोलरचे सुमारे सहा हजार रुपये हिशोबात आधीच धरावेत.

याउलट ज्याला ‘व्हॅलोरंट’ किंवा ‘काउंटर-स्ट्राइक २’ खेळायचा आहे त्याने संगणकच घ्यावा. हे माउस आणि कीबोर्डचे खेळ आहेत, स्पर्धाही त्यावरच होतात, आणि दोन्ही गेम फुकट आहेत. ‘डोटा २’ आणि बहुतेक डावपेचांचे गेमही तिकडचेच. ‘टेक्केन’सारख्या मारामारीच्या गेमची परंपरा कंट्रोलरवरची आहे आणि तो दोन्हीकडे सारखाच चांगला चालतो.

म्हणून दुकानात जाण्यापूर्वी येत्या वर्षात खरोखर खेळायचे असलेले आठ-दहा गेम कागदावर लिहावेत आणि प्रत्येकापुढे तो कशावर मिळतो, फुकट आहे की विकत आणि एका घरात किती जणांना एकत्र खेळता येतो हे लिहावे. यादी मुलांनीच करावी, पण वडीलधाऱ्यांनी शेजारी बसावे. या कागदावरूनच बरेचदा निर्णय होतो. यादीत निन्टेन्डोचे गेम असतील तर ध्यानात ठेवावे की निन्टेन्डो आपले कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाही. दुकानात दिसणारा स्विच बाहेरून आणलेला असतो आणि त्याला कंपनीची इथली वॉरंटी नसते.

तिसरा प्रश्न : पाच वर्षांचा हिशोब

इथे बहुतेक लोक फक्त पहिल्या दिवसाची किंमत पाहतात आणि फसतात. कन्सोल घेताना स्वस्त आणि नंतर महाग; संगणक घेताना महाग आणि नंतर स्वस्त. पुढचे आकडे नमुन्याचे आहेत. हिशोब करताना त्यांच्या जागी त्या दिवशीचे दुकानातले भाव घालावेत.

समजा, सीडी चालणारा कन्सोल ५५,००० रुपयांना पडला. घरात वर्षाला चार मोठे गेम होतात, म्हणजे पाच वर्षांत वीस. नवी सीडी पाच हजारांच्या आसपास येते. ती दोन महिन्यांत खेळून तीन हजारांना विकली तर एका गेमचा खरा खर्च दोन हजार, म्हणजे वीस गेमचे ४०,०००. विकत घेतलेले गेम ऑनलाइन इतरांशी खेळायचे तर वर्गणी लागते. ती वर्षाला चार हजार धरली तर पाच वर्षांचे २०,०००. एकूण १,१५,००० रुपये.

आता साधारण त्याच तोडीचा असेंबल्ड पीसी घ्या. फक्त ग्राफिक्स कार्डालाच पंचवीस-तीस हजार जातात, त्यामुळे तो ८५,००० ला पडला असे धरू. गेमची सीडी नाही, पुन्हा विकणे नाही. पण स्टीमवर, म्हणजे वाल्व्हच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात, २०१५ पासून रुपयांत भाव असतात, यूपीआयने पैसे देता येतात, आणि उन्हाळ्यातल्या व डिसेंबरमधल्या सेलपर्यंत धीर धरला तर वर्ष-दोन वर्षांपूर्वीचे मोठे गेम बरेच उतरतात. सरासरी दीड हजार धरली तर वीस गेमचे ३०,०००. ऑनलाइन खेळण्याला वर्गणी नाही. एकूण तेवढेच, १,१५,०००. म्हणजे नुसत्या खेळासाठी पाहिले तर दोन्ही बरोबरीत येतात, आणि पारडे कुठे झुकते ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरावर ठरते : घरात ४५,००० चा संगणक तसाही घ्यायचा असेल तर गेमिंगच्या नावावर पडणारा पीसीचा खर्च ७०,००० वरच थांबतो. वर्गणी वाचवायची तर ‘फोर्टनाइट’सारखे फुकटचे गेम प्लेस्टेशनवर वर्गणीशिवाय ऑनलाइन चालतात हेही लक्षात असू द्यावे.

याच हिशोबात सीडी नसलेल्या डिजिटल कन्सोलची जागा तपासावी, कारण दुकानात तो दहा हजारांनी स्वस्त दिसतो आणि हात तिकडेच जातो. ४५,००० चा कन्सोल, सेलमध्ये सरासरी तीन हजारांना घेतलेले वीस गेम म्हणजे ६०,०००, आणि वर्गणी २०,०००, एकूण १,२५,०००. वाचवलेले दहा हजार गेले आणि वर आणखी दहा हजार गेले. शिवाय मित्राकडून सीडी आठवड्यासाठी आणणे, एकाने एक आणि दुसऱ्याने दुसरी घेऊन बदलून खेळणे, जुनी सीडी अर्ध्या किमतीत उचलणे, हे सगळे बंद. आपल्याकडे कन्सोल परवडतो तो या देवाणघेवाणीमुळे, आणि म्हणूनच कंपन्या सीडीचा ड्राइव्ह हळूहळू बाजूला सारत आहेत याची मला काळजी वाटते. एक्सबॉक्स सिरीज एसमध्ये तो नाहीच. प्लेस्टेशन ५ च्या स्लिम डिजिटल मॉडेलला तो नंतर वेगळा विकत घेऊन बसवता येतो आणि पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागते. ज्या दिवशी कन्सोलमधून सीडी पूर्णपणे जाईल त्या दिवशी संगणकापुढे त्याची बाजू निम्म्याने कमकुवत होईल, कारण मग त्याचे एकच दुकान उरेल आणि भावही तेच ठरवील. संगणकावर निदान गेमची दोन-चार दुकाने तरी असतात. तोवर ड्राइव्ह असलेलाच कन्सोल घ्यावा.

वीज, वळीव आणि पावसाळा

वापराचे गणित सोपे आहे. खेळताना प्लेस्टेशन ५ सुमारे २०० वॉट घेतो. मध्यम गेमिंग पीसी मॉनिटरसह ४०० वॉटपर्यंत जातो. रोज दोन तास धरले तर महिन्याला अनुक्रमे १२ आणि २४ युनिट होतात. महावितरणच्या बिलात आपण वरच्या टप्प्याच्या सीमेवर असलो तरच हा फरक जाणवतो.

लाईट अचानक जाणे जास्त त्रासाचे आहे. ६०० व्हीएचा छोटा यूपीएस साधारण ३६० वॉटच देतो. त्याच्यावर ४०० वॉटचा पीसी खेळता खेळता लाईट गेली की दोन्ही एकदम बंद पडतात. पीसीला हजार ते अकराशे व्हीएचा घ्यावा. कन्सोल आणि टीव्ही छोट्यावर चालतात, पण तेही गेम सेव्ह करून नीट बंद करण्यापुरतेच. एप्रिल-मेमध्ये वळवाचे ढग जमले आणि गडगडू लागले की प्लग काढावा, नुसते बटण बंद करून चालत नाही. आणि इंटरनेटची तांब्याची वायर राउटरमधून कन्सोलला लावली असेल तर तीही काढावी, कारण विजेचा झटका त्या वाटेनेही येतो. जुन्या पेठांतल्या घरांत अर्थिंग नावापुरतेच असू शकते. वायरमनला बोलावून न्यूट्रल आणि अर्थ यांच्यामधले व्होल्टेज मीटरने मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टच्या वर दिसले तर आधी अर्थिंग दुरुस्त करून घ्यावे आणि मग यंत्र आणावे.

जुलै-ऑगस्टच्या ओलाव्यात कन्सोल टीव्हीच्या कपाटात कोंडून ठेवू नये. मागे आणि बाजूंना वीतभर मोकळी जागा सोडावी. प्लेस्टेशन ५ च्या सुरुवातीच्या मॉडेलची बाजूची पांढरी पट्टी हाताने सरकवून निघते आणि आत धूळ साचण्यासाठी केलेली दोन भोके दिसतात. ती घरच्या व्हॅक्यूम क्लीनरने अधूनमधून साफ करावीत. त्याहून आत मात्र स्वतः जाऊ नये. प्रोसेसरवर उष्णता वाहून नेण्यासाठी द्रवरूप धातू घातलेला असतो, आणि तो सांडला तर बोर्ड जातो. संगणकाचे इथे बरे आहे : रॅम गेली, एसएमपीएस गेला तर राजारामपुरी किंवा शाहूपुरीतल्या दुकानात तो एक भाग बदलून त्याच दिवशी यंत्र परत मिळू शकते.

जुना कन्सोल घेताना

जुना कन्सोल घेणे शहाणपणाचे ठरू शकते, मात्र तो पाहायला आपला कंट्रोलर आणि एक सीडी घेऊन जावे, आणि विकणाऱ्याच्या घरी त्याच्याच टीव्हीवर निदान पाऊण तास भारी ग्राफिक्सचा गेम चालवावा. पहिली दहा मिनिटे काहीच कळत नाही; यंत्र तापल्यावर पंख्याचा आवाज एकाएकी चढतो का, चित्र गोठते का, कन्सोल आपोआप बंद पडतो का, हे नंतर दिसते. एचडीएमआयची वायर लावलेली असताना तिला अगदी हलका धक्का द्यावा; चित्र गेले-आले तर पोर्ट सैल झालेला आहे आणि त्याची दुरुस्ती बारीक सोल्डरिंगची असल्याने खर्चाची असते. सीडी दोनदा घालून-काढून पाहावी. कंट्रोलरची स्टिक सोडून दिल्यावर पडद्यावरचा खेळाडू आपोआप चालू लागला तर त्याला ड्रिफ्ट आहे. ते किमतीतून वजा करावे. आपल्या खात्याने लॉगिन करून ऑनलाइन जाऊन पाहावे, कारण कंपनीने बंदी घातलेला कन्सोल ऑनलाइन चालत नाही. शेवटी विकणाऱ्याने आपले खाते काढून कन्सोल तुमच्यासमोर पूर्ण रिसेट करावा. जुने ग्राफिक्स कार्ड घेतानाही अर्धा-पाऊण तासाची तीच परीक्षा घ्यावी.

जागा, इंटरनेट आणि खरेदीचा दिवस

मोठे गेम आता १०० जीबीच्या घरात असतात. १०० एमबीपीएसच्या फायबरवर तेवढे उतरवायला सव्वादोन तास, ४० एमबीपीएसवर साडेपाच तास लागतात. सीडी असली तरी अपडेट उतरवावेच लागतात. प्लेस्टेशन ५ मध्ये बाजारात मिळणारा एम.२ एसएसडी (गेम साठवण्याची पट्टी) घालून जागा वाढवता येते, फक्त तो एनव्हीएमई जेन ४ जातीचा लागतो, एक्सबॉक्सला त्याचे खास कार्ड लागते. टीव्ही घेतानाच ‘गेम मोड’ आहे का विचारावे आणि तो चालू करून ठेवावा, नाहीतर बटण दाबल्यापासून गोल मारेपर्यंत जाणवणारा उशीर कन्सोलचा समजला जातो.

किमती उतरतील म्हणून वर्षभर थांबण्याचा सल्ला मी आज देणार नाही. सणासुदीच्या सवलतीसाठी महिना-दीड महिना थांबावे, त्याहून जास्त नाही. पीसी घेणार असाल आणि रॅम महाग दिसत असेल तर एकच १६ जीबीची पट्टी घेऊन दुसरा स्लॉट मोकळा ठेवावा. वेग थोडा कमी मिळेल, पण भाव उतरल्यावर तशीच दुसरी पट्टी घालता येईल. कन्सोल घेणार असाल तर पक्के बिल घ्यावे, त्यावरचा सिरियल नंबर खोक्यावरच्या आणि यंत्राच्या मागच्या नंबराशी दुकानातच ताडून पाहावा, आणि यंत्र भारतात विक्रीसाठी आलेलेच आहे याची खात्री केल्याशिवाय पैसे देऊ नयेत, कारण एका वर्षाची वॉरंटी त्यालाच लागू होते.